थरथरत्या पाण्यातला कौल

"अहो, पडाल!"

मी ओरडले ते काळजीनं नव्हे, रागानं. परसातल्या आमच्या दगडी हौदावर एक अनोळखी माणूस इतका वाकला होता की त्याची टोपी आता पाण्यात पडते की मग, असं झालं होतं. श्रावणातला बारीक पाऊस भुरभुरत होता. हौदावर पत्रा होता, पण हा पत्र्याबाहेर उभा. काखेत आमच्या तात्यांची छत्री होती — मिटलेली. म्हणजे स्वतः भिजायचं आणि छत्री कोरडी ठेवायची! असल्या माणसाचं पुढं कसं व्हायचं, हे मला त्याच क्षणी कळायला हवं होतं.

"हळू बोला," पाण्यावरची नजर न काढता तो म्हणाला. "मोडेल."

"काय मोडेल?"

"यांचा फेर."

नागपंचमी तोंडावर आली होती. सकाळी पडवीत मी ज्वारीच्या लाह्या पाखडल्या होत्या, त्यातल्या थोड्या वाऱ्यानं उडून हौदात पडल्या होत्या. मी चार पावलं पुढं जाऊन पाहिलं. लाह्यांचा एक घोळका हौदाच्या एका कोपऱ्यात गोळा झाला होता आणि सगळा घोळका मिळून सावकाश फिरत होता… कुणी हुकूम दिल्यासारखा. त्यांच्यापासून लांब, मधोमध, एकच लाही जागच्या जागी नाचत होती.

"तुमच्या हौदातलं पाणी दिवसभर असंच थरथरतं का?"

"पलीकडं गिरणी आहे की. पाणीच काय, आमचे दातसुद्धा थरथरतात."

तो हसला. हसता हसता त्याला खोकला आला. तो जरा बाजूला झाला, रुमाल तोंडाशी धरला, आणि परत आला तेव्हा हसू तेवढंच शिल्लक होतं. मला ते हसू आवडलं. खोकला आवडला नाही, पण त्याकडे मी काणाडोळा केला. पुढंही पुष्कळदा केला.

"तुम्ही कोण म्हणायचं?"

"नरहरी मंद्रूपकर. तात्यांच्या शाळेत शास्त्र शिकवतो. छत्री परत द्यायला आलोय."

"छत्री अशी देतात होय? भिजत?"

"दुसऱ्याची वस्तू," तो गंभीरपणे म्हणाला. "जपून आणायला नको?"

मी तोंडाला पदर लावला आणि आत पळाले. हसताना बघितलं असतं तर मास्तर डोक्यावर बसले असते.

* * *

आमचं भाड्याचं घर सोलापुरात गिरणीच्या भिंतीला लागून होतं. भिंतीच्या पलीकडे मागांचा कारखाना. सकाळचा भोंगा झाला की जमीन जी थरथरायला लागायची ती दुपारी बारापर्यंत. बाराला कामगारांची जेवणाची सुट्टी, तेवढा वेळ शांत. मग पुन्हा दिवे लागेपर्यंत तेच. मोहोळहून आम्ही इथं राहायला आलो तेव्हा मला पहिले काही दिवस झोप लागली नव्हती. मग सवय झाली, इतकी की तो आवाज ऐकूच येईना. वाईट गोष्टींची सवय मला लवकर होते.

घरात माणसं तीन. तात्या — माझे वडील, शाळेत संस्कृत शिकवायचे. मी, म्हाळसा, एकोणीस संपलेली आणि अजून बिनलग्नाची. आणि अंबुआत्या, तात्यांची थोरली बहीण. आई इन्फ्लुएंझाच्या साथीत गेली, तेव्हापासून आत्यानंच मला वाढवलं. आत्या स्वतः लग्नानंतर वर्षभरातच विधवा झालेली. तेव्हापासून तिच्या अंगावर लाल आलवण होतं आणि घरात तिचा शब्द अखेरचा होता.

आमच्या घराण्यात एक रीत होती. मुलीचं स्थळ ठरवायचं ते कौल घेऊन. देवापुढं पितळी घंगाळ भरून ठेवायचं. मुलीच्या नावाची लाही हळदीत रंगवायची, मुलाच्या नावाची कुंकवात. दोन्ही पाण्याच्या मधोमध, चार बोटांच्या अंतरानं सोडायच्या आणि उदबत्ती लावायची. उदबत्ती संपायच्या आत दोन्ही एकमेकींना येऊन चिकटल्या तर देवाचा होकार. नाही चिकटल्या तर स्थळाला नमस्कार. मग ते स्थळ कितीही चांगलं असो.

गिरणीजवळच्या घरात आल्यापासून मला तीन स्थळं आली. अक्कलकोट संस्थानातला एक कारकून, बार्शीचा एक वैद्य, आणि पुण्याकडचा कुणी. तिन्ही वेळा कौल नकाराचा आला. हळदकुंकवाला आत्या हात लावत नसे, म्हणून त्या लाह्या रंगवायचं काम माझ्याकडं होतं. माझ्या नकाराची तयारी मीच करायची, आणि मग बोटं धुऊन स्वयंपाकाला लागायचं.

मला एक कोडं कधी सुटलं नव्हतं. मोहोळला आत्याचं लग्न ठरलं तेव्हा कौल होकाराचा आला होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरी वर्षाच्या आत नवरा पटकीनं गेला. दुसरी एखादी असती तर तिनं ते घंगाळ मोडीत घातलं असतं. आत्याची मात्र कौलावर घरात सगळ्यांत जास्त श्रद्धा. मी एकदा विचारलंही होतं.

"देव कधी चुकत नाही गं," ती म्हणाली होती. "माणसं चुकतात." आणि उठून देवघरात गेली होती.

* * *

मास्तरांना तात्यांकडे वरचेवर काम निघू लागलं. कधी एखाद्या श्लोकाचा अर्थ हवा असायचा, कधी शाळेतला निरोप असायचा. निरोप पडवीत सांगून व्हायचा आणि मग पाय आपोआप परसाकडे वळायचे. मी तिथं भांडी घासत असायची. आधी नसायची… मग असायला लागले.

मंद्रूपहून येऊन इथं बकऱ्या राखणारी मायाक्का आमच्याकडे दूध घालायची. तिच्या नजरेतून काही सुटायचं नाही.

"बाय, त्यो मास्तर लई येळ हौदापाशी उबा ऱ्हातोय की! पान्यात काय ठिवलंया त्याचं?"

"शास्त्र आहे ते, मायाक्का."

"व्हय व्हय," ती म्हणाली. "आमच्या येळंला शास्तर न्हवतं. आमी सरळ बगत हुतो."

एकदा मास्तरांनी मला ते शास्त्र दाखवलं. आधी एकच लाही पाण्यावर ठेवली. ती भरकटत भरकटत बरोबर तिथं गेली जिथं पाणी सगळ्यांत जास्त उसळत होतं. मग दुसरी ठेवली. ती दुसऱ्या एका उसळत्या जागी गेली. मग त्यांनी माझ्या सुपातल्या मूठभर लाह्या घेतल्या आणि हौदात टाकल्या. त्या एकमेकींना धरून गोळा झाल्या, एकत्र हलल्या, आणि हळूहळू सगळ्याच्या सगळ्या शांत जागेकडे सरकल्या. उसळत्या जागी एकही थांबली नाही.

"बघितलंत? एकटी असली की जिथं हादरे जास्त, तिथं जाते. घोळक्यात असली की शांत जागा धरते. लाही तीच, पाणी तेच."

"आणि दोघीच असल्या तर?"

"दोघी असल्या तर…" ते थांबले. टोपी काढली, पुन्हा घातली. "गिरणी चालू असेपर्यंत एकमेकींना नुसत्या लांबून बघतात."

"आणि बंद झाली की?"

"मग कुणाला काही सांगावं लागत नाही. आपोआप जवळ येतात."

माझे हात राखेनं भरले होते. गालावर बट आली होती आणि ती मागं सारता येत नव्हती. त्यांनी पाहिलं. हात अर्धा उचलला… आणि खिशात घातला. मी घरात आले तेव्हा माझे कान तापले होते. आणि मग — चुलीपुढं बसल्यावर — चुलीत सारायचं लाकूड मी हातातच धरून ठेवलं.

गिरणी चालू असेपर्यंत एकमेकींना लांबून बघतात. म्हणजे आमच्या घंगाळातल्या लाह्या! तिन्ही वेळा नकार कुणी दिला होता? देवानं की मागांनी?

* * *

भाद्रपदात तात्यांनी स्वतःच विषय काढला. मुलगा सालस आहे, शिकलेला आहे. पत्रिका मात्र नाही, कारण जन्म प्लेगाच्या दिवसांतला, गावाबाहेरच्या झोपडीतला. वेळ टिपून ठेवायला कुणाला सुचलं नाही.

"पत्रिका नाही तर नाही," आत्या म्हणाली. "कौल आहे की. येत्या शनिवारी घेऊ."

शनिवारी शाळा सकाळची, म्हणून दहानंतर तात्या घरी. आणि शनिवारी गिरणी चालू. दुसऱ्या दिवशी मास्तर परसात आले तेव्हा मी भांडी तशीच टाकून उठले.

"आत्याला सांगा, कौल रविवारी घ्या. काही निमित्त काढा. रविवारी गिरणीला सुट्टी असते."

त्यांना लगेच कळलं. चेहरा आधी उजळला आणि मग उतरला.

"ती फसवणूक झाली."

"कुणाची? लाह्यांची?"

"आत्याबाईंची. त्या देवाला विचारतायत. मला उत्तर आधीच ठाऊक आहे. असं उत्तर देवाच्या नावावर खपवायचं?"

"मग शनिवारी नकार येऊ दे. चालेल तुम्हाला?"

पलीकडं माग धडधडत होते. मला इतका संताप आला की डोळ्यांत पाणी आलं.

"सरळ सांगा की मी नको आहे!"

"म्हाळसा," ते म्हणाले. अहोजाहो गळून पडलं होतं, ते त्यांच्या ध्यानातही नव्हतं. "उद्या आपल्याला काही झालं… माझी छाती धड नाही, तू बघतेस. काही झालं तर आत्याबाईंना वाटेल देवानं फसवलं. आणि मी जिवंत असेन तर मला वाटेल, मी. असा संसार मला नको. तू हवी आहेस. पण अशी नको."

"कशीही मिळाले तरी पुष्कळ होतं," मी म्हटलं आणि पाठ फिरवली.

मग फाटकाचा आवाज झाला.

* * *

शनिवारी मी हळदीची लाही रंगवली, कुंकवाची रंगवली. तात्यांनी घंगाळ देवापुढं आणून काठोकाठ भरलं. आत्या पाटावर बसली. उदबत्ती पेटवणार इतक्यात दारात मास्तर.

कौलाच्या वेळी मुलानं यायचं नसतं. तात्या गडबडून उठले. आत्यानं नुसतं वर पाहिलं.

"आत्याबाई, मला बोलायचंय. कौल घेण्याआधी." ते उंबऱ्यातच उभे राहिले. "हा कौल नकाराचा येणार आहे."

"तू कोण देवाच्या मनातलं सांगणारा?"

"देवाच्या मनातलं मला ठाऊक नाही. पाण्यातलं ठाऊक आहे. माग चालू आहेत, जमीन हादरतेय, पाणी उसळतंय. या दोन लाह्या बारापर्यंत एकमेकींजवळ येणार नाहीत. बाराचा भोंगा झाला, माग थांबले, की येतील. मी घंगाळाला हात लावणार नाही. इथूनच सांगतो."

तात्या चुळबुळले. "मंद्रूपकर, अहो, ही वेळ आहे का —"

"थांब दत्तू," आत्या म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखाच होता. "म्हाळसे, सोड लाह्या."

मी सोडल्या. पिवळी एका बाजूला सरकली, तांबडी दुसऱ्या. पाण्यावर बारीक जाळी उमटली होती आणि दोन्ही लाह्या आपापल्या जागी नाचत होत्या. उदबत्ती जळत गेली. मास्तरांनी एकदा खोकला दाबला. शेवटी राख वाकली, पडली, आणि उदबत्ती विझली.

"नकार," आत्या म्हणाली.

"थोडं थांबा," मास्तर म्हणाले. "हात जोडतो."

आम्ही थांबलो. मी तुळशीच्या कट्ट्यावरची सावली बघत बसले, घंगाळाकडं बघवत नव्हतं. मग भोंगा झाला. भिंतीपलीकडचा धडधडाट कमी होत होत थांबला, आणि घरात एकदम इतकी शांतता झाली की तात्यांचा श्वास ऐकू आला. पाण्यावरची जाळी विरली. पाणी सपाट झालं. पिवळी लाही हलली… थांबली… पुन्हा हलली. तांबडी तिच्याकडं वळली. शेवटचं बोटभर अंतर त्यांनी झटकन संपवलं आणि एकमेकींना चिकटून उभ्या राहिल्या.

मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. कारण माझी नजर आत्याकडं गेली.

ती पांढरी पडली होती. दोन्ही हात पाटावर टेकवून तिनं मास्तरांना विचारलं, "मोहोळला कुठं गिरणी होती?"

"मोहोळला?"

"माझ्या वेळी. गिरणी नव्हती, काही नव्हतं. तरी लाह्या लांब गेल्या. एक या काठाला, एक त्या काठाला."

तात्या चमकले. "अक्का, तुझा कौल तर होकाराचा आला होता!"

तिनं तिकडं लक्षच दिलं नाही. मास्तर उंबरा ओलांडून आत आले आणि तिच्यासमोर खाली बसले.

"घंगाळ भरलेलं होतं का, आत्याबाई? असं, काठोकाठ?"

"दुष्काळाचं साल ते. अर्धंसुद्धा नव्हतं."

"मग काठाला जाणारच. भांडं भरलेलं नसलं की पाणी काठापाशी किंचित वर चढतं आणि हलकी वस्तू तिकडं ओढली जाते. कुणाच्याही लाह्या गेल्या असत्या. त्यात नकार नव्हता."

आत्यानं पदर सावरला. मग देवाकडं बघत, आमच्यापैकी कुणाकडंही न बघता, सांगू लागली.

"सगळे ओसरीवर गेले होते. मी एकटीच होते घंगाळापाशी. मला तो आवडला होता. आडावर पाणी शेंदताना बघितला होता… एकदाच. लाह्या काठाला गेल्या तशी मी फुंकर घातली. इकडून एक, तिकडून एक. मध्ये आणल्या. मग सगळे आत आले आणि साखर वाटली." तिनं घंगाळाची कड बोटानं पुसली. "देव नको म्हणत होता. मी फुंकर घातली आणि तो मेला."

तात्यांनी तोंड फिरवलं. मास्तर मात्र तिच्याकडेच पाहत होते.

"आत्याबाई, पटकी घाण पाण्यातून होते," ते अगदी हळू म्हणाले. "फुंकरीतून होत नाही."

मला वाटलं, आता ती रडेल, मोकळी होईल. पण आत्या मोकळी झाली नाही. उलट तिचा चेहरा कठीण होत गेला. इतकी वर्षं एक ओझं वाहिलं, आणि कुणी परका येऊन सांगतो की ते तुझं नव्हतंच. त्यानं काही हलकं वाटत नाही. हे मला आता कळतं. तेव्हा मी नुसती घाबरले होते.

"बरं," ती म्हणाली. "कौल नाही, असं तुझं म्हणणं. पत्रिका तुला नाही. छाती तुझी फुटक्या मडक्यासारखी वाजते, मला काय ऐकू येत नाही? उद्या या पोरीचं कपाळ पांढरं झालं तर बोल कुणाला लावायचा? सांग की! कुणाला लावायचा?"

मास्तरांना खोटं बोलता येत असतं तर त्यांनी उत्तर दिलं असतं.

"मला," मी म्हटलं.

"म्हाळसे!" तात्या ओरडले.

"मला लावा बोल. आजवर सगळ्यांनी घंगाळाला विचारलं. मला कुणी विचारलंय? मला हे हवेत. छातीसकट हवेत. काही झालं तर मी हो म्हटलं होतं असं चारचौघांत सांगा. मी नाकारणार नाही."

आत्या माझ्याकडे पाहत राहिली. मग ती हात टेकून उठली, घंगाळाजवळ आली, आणि ते उचलायला लागली. जड होतं. मास्तर धावले. दोघांनी मिळून ते परसात नेलं आणि पाणी अळूच्या वाफ्यात ओतलं.

"दत्तू," ती परत येत म्हणाली, "तुळशीचं लग्न झालं की पहिला मुहूर्त धर."

संध्याकाळी मास्तर निघाले तेव्हा मी फाटकापर्यंत गेले. एवढं सगळं झाल्यावर लाजायचं तरी कशाला?

"मी विचारणार होतो तुला," ते म्हणाले. "म्हणजे… नीट. शब्द जुळवत होतो."

"किती दिवस?"

"छत्री आणली तेव्हापासून."

"मग तुमच्या भरवशावर राहिले असते तर मी म्हातारीच झाले असते."

* * *

नवी पेठेत एका कापडाच्या दुकानावर आम्ही दोन खोल्या घेतल्या. तिथं जमीन थरथरत नव्हती, म्हणून पहिल्या महिन्यात मला झोपच येईना. तर मास्तर म्हणाले, "मी खोकू का जरा? म्हणजे घरच्यासारखं वाटेल." मी त्यांना उशी फेकून मारली.

आमचा संसार चांगला झाला. त्याबद्दल जास्त लिहिता येत नाही. ते मला नाटकाला घेऊन जायचे आणि दुसऱ्या अंकात झोपायचे. मी रागावले की समोर येऊन टोपी काढून उभे राहायचे, शाळेतल्या पोरासारखे. बाजारातून भाजी आणायला सांगितली की पावसात भिजत यायचे आणि भाजी सदऱ्याखाली कोरडी असायची. मूल झालं नाही. मला त्याचं वाईट वाटायचं. त्यांना वाटत असलं तरी त्यांनी दाखवलं नाही.

मग काही वर्षांनी छातीच्या दुखण्यानं डोकं वर काढलं. डॉक्टर झाले, वैद्य झाले, हवापालट झाला. मायाक्का रोज बकरीचं दूध घेऊन नवी पेठेचा जिना चढायची आणि पैशाचं नाव काढू द्यायची नाही. "मास्तरास्नी बरं वाटूंदे आदी," म्हणायची, "मग बगू." शेवटच्या हिवाळ्यात ते बोलायचेसुद्धा थोडं थोडं, श्वास पुरवून पुरवून. एका सकाळी मी गरम पाणी घेऊन आले तर ते खिडकीकडे तोंड करून गेले होते.

मी रडले नाही. माझ्या मनात एकच वाक्य फिरत होतं — मला लावा बोल. मीच म्हटलं होतं ना? मोठ्या तोंडानं, देवापुढं. मग घ्या, लागला बोल. मी ‘हे हवेत’ म्हटलं नसतं तर त्यांनी लग्नच केलं नसतं. कुठं मोकळ्या हवेत राहिले असते, या कोंदट खोल्यांत नाही. मी नाटकाला चला म्हटलं नसतं, पावसात भाजीला पाठवलं नसतं. दिवसभर मी हाच हिशेब करत कोपऱ्यात बसून होते.

भेटायला बायका आल्या. खालच्या मजल्यावरची राजाबाई दुसरीच्या कानाशी लागली, पण मला ऐकू यावं इतक्या मोठ्यानं. "कौल न घेताच केलं होतं म्हणे. पोरीनं स्वतःच्या तोंडानं मागून घेतलेला." दुसरी म्हणाली, "आणि केसांचं काय करणार आता?"

अंबुआत्या दारापाशी बसली होती. खूप थकली होती, तिला दोन माणसांनी धरून वर आणलं होतं. ती काठीवर जोर देऊन उभी राहिली.

"राजाबाई, तुम्ही खाली जा," ती म्हणाली. "आणि तुम्हीही. हिच्या केसांना या घरात कुणी हात लावणार नाही. मी जिवंत आहे तोवर नाही आणि मेल्यावर तर मुळीच नाही. जा."

बायका गेल्या. जिन्यावरची कुजबुज थांबेपर्यंत ती तशीच उभी होती. मग भिंतीला धरत धरत माझ्याजवळ आली आणि कष्टानं खाली बसली. तिच्या आलवणाला कापराचा वास होता.

"स्वतःला बोल लावत बसलीयस की नाही?"

मी मान हलवली.

"एक विचारते. खरं सांग. तो आत्ता पुन्हा दारात येऊन उभा राहिला, तसाच, खोकत… तर काय म्हणशील?"

"हो म्हणेन."

"मग झालं तर," आत्या म्हणाली. तिनं माझं डोकं आपल्या मांडीवर ओढून घेतलं. तिचा हात खरखरीत होता. "ऐक माझं. मी सगळा जन्म माझ्या पापासाठी रडले गं. ते पापही नव्हतं म्हणे. पण त्या नादात त्याच्यासाठी रडायचं राहूनच गेलं. आता त्याचा चेहरासुद्धा नीट आठवत नाही. तू तसं करू नको. तुझा माणूस गेलाय, म्हाळसे. त्याच्यासाठी रड."

खाली दुकानदार फळ्या लावत होते. मी आत्याच्या मांडीत तोंड खुपसलं आणि रडायला लागले.